खाडीवरचे पूल आणि आपली दुकानदारी

रेवसपासून रेडीपर्यंतचा सागरी महामार्ग आणि त्यावरचे खाडीपूल झाले म्हणजे कोकण किनाऱ्याचे नशीब उघडेल, असे आपल्याकडे प्रत्येक सभेत, लग्नाच्या मांडवात आणि जमातीच्या बैठकीत बोलले जाते. बोलणाऱ्यांत मीही आहे. मात्र नशीब नेमके कोणाचे उघडेल, हे फारसे कोणी विचारीत नाही. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन, मंडणगड, दापोली, गुहागर या तालुक्यांतल्या दुकानदाराचे, शिंप्याचे, सुताराचे, बेकरीवाल्याचे, की मुंबईहून पैसा घेऊन येणाऱ्याचे? महाडच्या बाजारात तीस वर्षे कापडाचा घाऊक व्यापार करताना जो हिशेब समोर आला, तो व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे ठेवीत आहे. पटला नाही तर त्यांनी तसे जरूर लिहावे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपला मुलूख मागासलेला जन्मला नव्हता. ज्या खाड्या आज आपल्याला अडवितात त्याच एके काळी आपले रस्ते होत्या. वाशिष्ठीच्या मुखावरचे दाभोळ बहमनी आणि आदिलशाही काळात मोठे बंदर होते. अरबस्तान, इराणपर्यंत त्याची तिजारत चाले, हजचे यात्रेकरू तेथून निघत. पोर्तुगीजांनी १५०८ च्या अखेरीस ते जाळले आणि लुटले, तरी पुढे शतकभर ते उभे राहिले. सावित्रीच्या मुखावर बाणकोट होते. भरतीच्या पाण्याबरोबर गलबते आणि मचवे तेथून आत येत, दासगाव आणि महाडपर्यंत माल पोहोचे आणि पुढे बैलांच्या पाठीवर घाट चढून देशावर जाई. महाड ही पेठ झाली ती त्या खाडीमुळे. चिपळूणला गोवळकोट धक्का होता. किनाऱ्यावरचे आपले तांडेल, खलाशी आणि नाखवे या मार्गांचे जाणकार. बाणकोटचा माणूस बागमांडल्याला जाई तो आजच्यापेक्षा कदाचित लवकर जाई, कारण होडी हेच त्याचे वाहन होते.

पुढे व्यापार पाण्यावरून उतरून डांबरावर आला, तेव्हा चित्र उलटे झाले. मुंबई-गोवा महामार्ग किनाऱ्यापासून दूर, आतल्या बाजूने गेला. आगबोटींची वाहतूक कमी होत होत बंद पडली. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्गावर सुरू झाली. तीही माणगाव, वीर, खेड, चिपळूण अशी आतूनच गेली. रेल्वेने कोकणाचे भले झाले यात शंका नाही. परंतु श्रीवर्धन, मुरूड, हर्णै, दाभोळ, गुहागर ही गावे महामार्गापासूनही दूर आणि रुळांपासूनही दूर राहिली. जी खाडी दोन गावे जोडीत होती तीच आता भिंत झाली. समोरच्या काठावरची मशीद दिसते, अजान ऐकू येते, पण गाडी घेऊन जायचे तर अर्धा दिवस. दाभोळहून पलीकडच्या धोपाव्याला रस्त्याने जायचे म्हणजे दापोली, खेड, चिपळूण, गुहागर असा शंभर किलोमीटरहून मोठा वळसा.

हे दुःख ओळखून ज्यांनी प्रथम विचार केला त्यांत आंबेतचे बॅ. अ. र. अंतुले यांचे नाव घ्यावेच लागेल. १९८० ते १९८२ या काळात ते मुख्यमंत्री होते आणि किनाऱ्याने जाणाऱ्या सलग रस्त्याची कल्पना त्या काळात पुढे आली. त्यांच्या राजकारणाविषयी ज्याला जे म्हणायचे ते त्याने म्हणावे. पण सावित्रीवरच्या आंबेत-म्हाप्रळ पुलाने म्हसळा आणि मंडणगड हे दोन तालुके, म्हणजे रायगड आणि रत्नागिरी हे दोन जिल्हे जोडले गेले आणि त्याचा लाभ आमच्या धंद्याने प्रत्यक्ष पाहिला. अलीकडे दुरुस्तीसाठी तो पूल बंद ठेवावा लागला तेव्हा मंडणगडच्या दुकानदारांची जी तारांबळ उडाली, तीवरून एका पुलावर किती संसार टेकलेले असतात ते कळले. खाली दक्षिणेला भाट्ये, पूर्णगड, जैतापूर येथे पूल झाले. राहिल्या त्या उत्तरेकडच्या मोठ्या खाड्या: धरमतर, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड.

तेथे आजवर काम चालले आहे ते फेरीबोटीवर, जिला आपले लोक जंगल जेटी म्हणतात. २००३ मध्ये दाभोळ-धोपावे अशी पहिली फेरी सुरू झाली. नंतर वेसवी-बागमांडला, दिघी-आगरदांडा, जयगड-तवसाळ अशा फेऱ्या आल्या. ज्यांनी हे धाडस केले त्यांनी किनाऱ्यावर मोठे उपकार केले. ट्रक, एसटी, मोटारी, मोटारसायकली बोटीवर चढतात आणि काही मिनिटांत पलीकडे उतरतात. परंतु बोट ती बोट. रात्री ती नाही, तुफानात नाही, सुट्टीच्या दिवशी मुंबईच्या गाड्यांची रांग लागली म्हणजे मालाचा टेम्पो तासन् तास उभा. ज्याला प्रसूतीसाठी बायकोला घेऊन रात्री दोन वाजता निघायचे आहे त्याला वेळापत्रक दाखवून काय उपयोग?

आता धंद्याकडे वळतो. रस्ता आणि पूल झाले की भाडे कमी होईल, एवढेच बहुतेक व्यापारी बोलतात. भाडे कमी होईल हे खरे, पण कापडात भाड्याचा बोजा थोडा असतो. भिवंडीहून निघालेल्या गठ्ठ्यावर हमाली आणि भाडे धरून जे लागते ते मीटरमागे वाटून पाहिले तर ग्राहकाला कळणारही नाही. खरे नुकसान दुसरीकडे आहे. माल कधी पोहोचेल याचा भरवसा नाही म्हणून दुकानदार जादा माल भरून ठेवतो, आणि त्यात त्याची पुंजी गाडली जाते.

उदाहरण घेऊ. समजा श्रीवर्धनकडील एका दुकानात खरेदीच्या भावाने महिन्याला एक लाखाचे कापड खपते. रस्त्याचा भरवसा नाही, पावसात दरड कधी पडेल सांगता येत नाही, म्हणून तो चार महिन्यांचा माल ठेवतो. म्हणजे चार लाख रुपये फळीवर. हाच माल मागविल्यापासून दोन दिवसांत येऊ लागला तर त्याला दीड महिन्याचा साठा पुरे, म्हणजे दीड लाख. अडीच लाख रुपये मोकळे झाले. हे अडीच लाख बहुधा त्याचे स्वतःचे नसतात. काही घाऊक व्यापाऱ्याची उधारी, काही आखातातल्या भावाचे, काही बँकेचे किंवा पतपेढीचे. उधारीचा भाव आणि रोखीचा भाव यांत किती अंतर असते ते वाचकांना सांगायला नको. आमच्यासारखे घाऊक व्यापारी चार महिन्यांनी पैसे येणार म्हणून भाव चढवूनच लावतात. मीही लावतो, खोटे कशाला बोलू. तेव्हा खाडीपलीकडच्या दुकानात कापड महाग मिळते त्याचे मोठे कारण ट्रकचे भाडे नव्हे, अडकलेल्या पैशाची किंमत आहे. ज्या बांधवांना सूदापासून दूर राहायचे असते, त्यांच्यासाठी तर साठा कमी होणे हाच कर्जातून सुटण्याचा सरळ मार्ग आहे.

कापडात आणखी एक खोट आहे. तांदूळ चार महिने पडून राहिला तर तांदूळच राहतो. ड्रेस मटेरियल चार महिने राहिले की त्याची फॅशन जाते. २०१३ ते २०१६ या चार वर्षांत ईद जुलै-ऑगस्टमध्ये आली. पावसाळ्यात ऐन वेळी माल अडकेल या धास्तीने किनाऱ्यावरचे दुकानदार ईदचा माल मे महिन्यातच उचलून ठेवीत. मुंबईत रमजानच्या मध्यावर नवा प्रकार निघे, आणि आमच्या दुकानदाराच्या फळीवर मे महिन्यातला. सुट्टीवर आलेल्या कुवेत-दुबईवाल्यांची कुटुंबे दुकान पाहून जात आणि खरेदी करायला मुंबई गाठीत. चांदरातीनंतर जो माल उरे तो पुढच्या वर्षी निम्म्या भावात. दुकानदाराची अक्कल कमी नव्हती, रस्ता कमी होता.

आता पूल होण्यास काय लागते? पैसा लागतो, इंजिनिअर लागतो, परवानग्या लागतात हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु आमच्या महाडने एक वेगळाच धडा पाहिला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला जुना दगडी पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी बसगाड्या आणि मोटारीही नदीत गेल्या, कितीतरी घरांचे दिवे विझले. काही प्रेते दूर खाडीत, समुद्राकडे सापडली. साऱ्या देशाचे लक्ष लागले आणि जून २०१७ मध्ये नवा पूल वाहतुकीस खुला झाला. एका वर्षाच्या आत! त्याच सावित्रीच्या मुखाशी बाणकोट-बागमांडला पुलाचे खांब दहा-बारा वर्षांपूर्वी पाण्यात उभे राहिले आणि काम थांबले. बोटीतून जाणारी मुले ते खांब पाहत मोठी झाली. नदी एकच, राज्य एकच, खातीही तीच. फरक एवढाच की एका ठिकाणी माणसे मेली आणि दिल्लीने पाहिले, दुसऱ्या ठिकाणी धंदे हळूहळू मेले आणि कोणी पाहिले नाही. धंदा मरताना आवाज होत नाही.

महामार्गाचीही तीच गत. पनवेल ते इंदापूर या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले. त्यानंतर किती मुदती आल्या आणि गेल्या त्याची गणती वर्तमानपत्रांनी ठेवली आहे. कोकणातलेच वकील ओवेस पेचकर यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका घेऊन वर्षानुवर्षे हा प्रश्न लावून धरला, न्यायालयाने सरकारला पुन्हा पुन्हा जाब विचारला. आपल्यातील एक माणूस साऱ्या कोकणासाठी असे भांडतो याचा अभिमान बाळगावा. परंतु आपल्या किती व्यापारी संघटनांनी त्यांना तारीखवार माहिती, फोटो, अडकलेल्या मालाच्या बिल्ट्या पुरविल्या? व्यापाऱ्याकडे पुरावा असतो, तो चोपड्यांत पडून राहतो.

सध्याची स्थिती अशी की रस्ते विकास महामंडळाने रेवस-कारंजा, आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ, जयगड अशा खाडीपुलांची कामे हाती घेतली आहेत. वर मुंबईकडे १२ जानेवारी २०२४ रोजी २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. दिघी बंदर २०२१ पासून अदानी समूहाकडे आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने ज्या १२ औद्योगिक शहरांना मंजुरी दिली त्यांत दिघीचे नाव आहे. कारंजा-रेवस पूल झाला की शिवडीहून अलिबाग, आणि आगरदांडा-दिघी झाला की तेथून मुरूड, श्रीवर्धन असा सरळ रस्ता लागेल. या सर्वांतून किनाऱ्याचा नकाशाच बदलणार आहे. काही कामे लांबतील, तसा अनुभवच आहे. तरी पूल होणार असे धरून चालण्यात शहाणपण आहे, कारण तयारीला जो वेळ लागतो तो पूल बांधण्याच्या वेळेहून कमी नाही.

तयारी कशाची? पूल दोन्ही बाजूंनी उघडा असतो. माल तुमच्याकडे जितक्या सहज येईल तितक्याच सहज ग्राहक तुमच्याकडून निघून जाईल. याचा नमुना कशेडीला पाहावा. महाड-पोलादपूर आणि खेड यांच्यामध्ये कशेडी घाट होता, त्यात ट्रक बंद पडला की दोन्हीकडे रांगा. आता सुमारे दोन किलोमीटरच्या बोगद्यातून काही मिनिटांत पार होता येते. २०२३ च्या गणपतीत त्याची पहिली बाजू खुली झाली. त्यानंतर खेडकडील माझ्या काही जुन्या गिऱ्हाइकांनी महाडहून माल उचलणे कमी केले. भिवंडीचा ट्रक थेट त्यांच्या दारात जातो, मग मध्ये मी कशाला? उलट त्या भागातील दोन नवे दुकानदार माझ्याकडे येऊ लागले, कारण त्यांना पूर्ण गठ्ठा नको, निवडक दहा-बारा तागे हवे असतात आणि सकाळी सांगितले की दुपारी पोहोचतात. तेव्हा पुलाने माझ्यासारख्या मधल्या व्यापाऱ्याचे जुने काम जाणार हे उघड आहे. तरीही पूल हवा असे मी म्हणतो, कारण वळशाच्या आणि उशिराच्या आधारावर जो नफा उभा आहे तो आमच्या मुलांना पुरणारा नाही. ती मुले अगोदरच सोडून चालली आहेत.

किनाऱ्यावरच्या छोट्या दुकानदाराने मात्र सावध व्हावे. दूर पडल्यामुळे त्याला एक आडोसा होता. गावातला माणूस पनवेलला जाऊ शकत नव्हता म्हणून त्याच्याकडे येत होता. हा आडोसा जाणार. मग त्याच्याकडे राहील काय? ओळख, उधारी देण्याची हिंमत, आणि गिऱ्हाइकाच्या घरचे लग्न, बारसे, मयत यांची माहिती. या तीन गोष्टी मोठ्या दुकानाला विकत घेता येत नाहीत. जो दुकानदार मोकळा झालेला पैसा घराच्या वरच्या मजल्यात घालील तो बुडेल. जो त्याच पैशात मालाचे प्रकार वाढवील, भाव रोखीचा लावील, बदलून देण्याची सोय ठेवील, त्याच्याकडे पलीकडच्या काठाचे गिऱ्हाईकही येईल. वेसवीच्या बाजूची बाई श्रीवर्धनच्या दुकानात का येऊ नये? आजवर ती आली नाही कारण बोटीचे तिकीट आणि परतीची धास्ती. गिऱ्हाइकांचे वर्तुळ एका काठाचे होते ते दोन काठांचे होणार, हा पुलाचा सर्वांत मोठा लाभ आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

कारागिरांची गोष्ट जास्त नाजूक आहे. शिंप्याचा धंदा रेडिमेडने अर्धा खाल्ला, रस्ता सुधारला की उरलेलाही अडचणीत येईल. परंतु शाळांचे गणवेश, बुरखे, लग्नाचे पोशाख, हॉटेलांच्या चादरी आणि पडदे ही कामे मापाची आणि जवळची असतात. दिवेआगर, हरिहरेश्वर, मुरूड, हर्णै येथे पर्यटकांसाठी खोल्या वाढत आहेत. त्या खोल्यांचे पडदे मुंबईहून शिवून येतात, पलंग बाहेरून येतात, आणि आमचा सुतार आखाताच्या व्हिसाची वाट पाहत बसतो. हे दृश्य मला रोज टोचते. एकेकट्या शिंप्याला शंभर खोल्यांचे काम कोणी देणार नाही. पाच जणांनी मिळून एक कटिंगचे टेबल, एक बिलबुक आणि वेळेवर माल देण्याची जबान ठेवली तर देतील. होड्या बांधणाऱ्या आपल्या मिस्त्रींचे हात लाकडाला जाणतात. लाकडी होड्या कमी झाल्या, तो हात फर्निचरकडे वळला नाही तर तोही जाईल. बेकरीवाल्यांना मात्र मी फार सांगणार नाही, त्यांनी रस्ता नसतानाही पलीकडच्या काठावर खारी आणि बटर पोहोचविले. दिघीला उद्या कारखाने आले तर वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन यांची गरज पहिल्या दिवसापासून पडेल. सौदीत जाऊन वेल्डिंग करणारा मुलगा घराजवळ ते काम करू शकेल, मात्र हातात आयटीआयचा दाखला हवा. दाखल्याशिवाय केलेली वीस वर्षांची मेहनत येथे कोणी मोजत नाही.

जमिनीविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. रस्त्याची खूण पडण्याआधी दलाल येतो. सागरी महामार्गालगत विकास केंद्रे करण्याचा सरकारचा निर्णय झाला तेव्हापासून किनाऱ्यावर अनोळखी मोटारी फिरू लागल्या आहेत. आपल्या समाजाची अडचण विशेष आहे. सातबाऱ्यावर अजून आजोबांचे नाव, वारस पंधरा, त्यांतले चार कुवेतला, दोन आफ्रिकेत, बहिणींची नावे लागलेलीच नाहीत. भूसंपादनाची नोटीस येते तेव्हा पैसा तयार असतो आणि घेणारा कोण हे ठरत नाही, रक्कम अडकून राहते. नाही तर एखादा हिस्सेदार घाईत आपला अविभक्त हिस्सा दलालाला विकून टाकतो आणि बाकीच्यांच्या गळ्यात कोर्ट बांधतो. वारस नोंद आजच करावी. बहिणींचा हिस्सा शरीअतने ठरविलेला आहे आणि देशाच्या कायद्यापुढेही तो चालतो. तो न दिल्यास मोजणीच्या दिवशी घरातच भांडण उभे राहील. आणि विकायचीच झाली तर रस्त्याला लागलेली पट्टी सर्वांत शेवटी विकावी. सुपारीची बाग विकून मुंब्र्यात फ्लॅट घेतलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांच्या बागेच्या जागी आता रिसॉर्ट आहे आणि त्यांचा मुलगा तेथे सुट्टीत भाडे देऊन उतरतो.

बाह्यवळणाविषयी आपल्या व्यापाऱ्यांत मतभेद आहेत. माणगाव आणि इंदापूरची बाह्यवळणे रखडली आणि दर सुट्टीला तेथील बाजारात गाड्यांच्या रांगा लागल्या. काही दुकानदार म्हणतात, रांग आहे म्हणून गिऱ्हाईक आहे. मला हे पटत नाही. रांगेत अडकलेला माणूस पाण्याची बाटली आणि चिक्की घेतो, लग्नाचा बस्ता बांधायला तो उतरत नाही. उलट त्याच रांगेमुळे आजूबाजूच्या वाड्यांतले गिऱ्हाईक बाजारात यायचे टाळते. म्हसळा, श्रीवर्धन, मंडणगड येथे हा प्रश्न उद्या येईल. तेव्हा बाह्यवळणाला विरोध करण्यात शक्ती घालवू नये. मागावे ते हे की बाजाराकडे वळणारा चौक नीट असावा, सेवारस्ता असावा, माल उतरविण्यासाठी टेम्पोला उभे राहायला जागा असावी. नकाशा मंजूर होण्याआधी हरकती मागवितात. त्या मुदतीत लेखी अर्ज गेला तर त्याला वजन असते, पूल झाल्यावर मोर्चा नेऊन चौक हलत नाही.

टोलचेही आत्ताच बोलून घ्यावे. अटल सेतूवर मोटारीला एका बाजूचे २५० रुपये ठरले, आणि मोटारसायकल व रिक्षा यांना तेथे प्रवेशच नाही. मुंबईच्या सेतूची गोष्ट वेगळी असेल, पण खाडीपुलावर हाच नियम आला तर ज्याच्यासाठी पूल मागितला तोच काठावर उभा राहील. मासळीवाली, फेरीवाला, दुचाकीवर कपड्यांची गाठोडी बांधून वाडीवाडीला फिरणारा आपला माणूस, यांना आज जंगल जेटी घेऊन जाते. पुलावर त्यांना जागा नसेल तर फेरीबोट बरी होती असे म्हणण्याची पाळी येईल. दोन्ही काठांच्या तालुक्यांतील दुचाक्या आणि छोटे टेम्पो यांना मोकळी वाट, ही मागणी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या ठरावात हवी.

शेवटची बाब पाण्याची. २२ जुलै २०२१ च्या पुरात महाड आणि चिपळूणच्या बाजारपेठा बुडाल्या. माझ्या दुकानातला माल चिखलातून काढून फेकावा लागला, आणि माझ्यासारखे शेकडो. एवढे पाणी आकाशातूनच आले, त्याला कोणाचा इलाज नव्हता. पण पुलाच्या दोन्ही अंगांना मातीचे उंच भराव घातले की नदीच्या पाण्याला जायची वाट अरुंद होते, अशी नदीकाठच्या लोकांची जुनी तक्रार आहे. भराव स्वस्त पडतो आणि खांबांवरचा रस्ता महाग पडतो, म्हणून ठेकेदाराला भराव आवडतो. प्रत्येक खाडीपुलाचे पोचरस्ते कसे बांधणार, पाण्यासाठी किती गाळे सोडणार, हे किनाऱ्यावरच्या व्यापारी मंडळांनी माहितीच्या अधिकारात विचारावे. अर्जाला दहा रुपये लागतात. कागद मराठीत मिळतात, आणि आपल्या उर्दू शाळांतून शिकलेल्या माझ्यासारख्या माणसालाही ते वाचता येतात.